दुपारी उघडं दुकान

फिलिपिन्समधल्या बातांगासच्या त्या गल्लीत दुपारची जेवणं आटोपली की मेदिंग दुकानाच्या जाळीवर पडदा ओढायची आणि मागच्या बाकावर आडवी व्हायची. लग्नाच्या दिवशी तेवढा हा नेम चुकला होता. गिऱ्हाइकंही झोपलेलीच, मग जागून साबण विकायचा कोणाला?

मग गल्लीतच वाढलेला देल्फिन रियाधची नोकरी सोडून परतला आणि त्याने समोरच दुकान थाटलं. मोठा फ्रीज, पंखा आणि पाटी : 'दुपारीही उघडे'. हळूहळू मेदिंगची संध्याकाळची गिऱ्हाइकंही तिकडे वळली. पोरांचे पाय जिकडे, आयांच्या पिशव्या तिकडे. आता दुकान तरी राहील, नाहीतर झोप, हे मेदिंगने ओळखलं. तिने झोप सोडली.

पहिल्याच दुपारी ती डोळ्यांना पाणी लावून जाळीमागे बसली. गल्लीत कुत्रंही हललं नाही. देल्फिनकडे मात्र गर्दी होती, आणि ती सगळी कमरेएवढ्या उंचीची. आयांचा डोळा लागताच चटईवरून सटकलेली पोरं बर्फाच्या कांड्या चोखत होती.

संध्याकाळी कोरिना व्हिनेगर न्यायला आली.

"तुझा जोव्हेन दुपारी झोपत नाही का गं हल्ली?" मेदिंगने सहज विचारलं.

"झोपतो की. मी स्वतः थोपटते."

"थोपटतेस तू आणि झोपतेसही तूच. तो समोर असतो."

"अगंबाई. दुपारी झोपलं नाही तर उंची कशी वाढायची त्याची? बास्केटबॉलच्या संघात घालायचंय त्याला."

"मी काय बोलणार. देल्फिन लहानपणी दुपारचा कधी झोपला नाही, एवढं आठवतं."

देल्फिनला वरच्या फळीवरचा डबा काढायला स्टूल लागे. ते सगळ्या गल्लीने पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी आया त्याच्या दुकानापुढे जमल्या. "दादा, तुमचं झालं ते झालं," कोरिना म्हणाली. "आमच्या पोरांना तरी वाढू द्या."

त्याने शास्त्र सांगून पाहिलं, रियाध सांगून पाहिलं. आया स्टुलाकडे बघत राहिल्या. संध्याकाळी पाटी उतरली.

पुढच्या दुपारी त्याचं शटर पडल्याचा आवाज कानांवर आल्यावरच मेदिंग आडवी झाली. ती उठली तेव्हा दुपारच्या खाण्याची वेळ झाली होती. तळलेल्या केळ्यांसाठी गल्ली जागी होत होती. समोरचं शटर बंदच होतं आणि आतून घोरणं ऐकू येत होतं. सवय नसलेला माणूस झोपला की असाच झोपतो. त्याची गिऱ्हाइकं मेदिंगच्या जाळीपाशी येऊन उभी राहिली.

"मावशी, उठवू का त्यांना?" कोरिनाने विचारलं.

"झोपलेल्याला उठवू नये गं," कढईतली केळी उलटत मेदिंग म्हणाली. "वाढेल बिचारा."