सुपारीएवढा धातू

माझा नवरा योगेंद्र वारल्यावर कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं त्याचं टेबल मीच आवरलं. तिथे सुपारीएवढी काळसर गोटी सापडली. गॅडोलिनियम या दुर्मीळ धातूचा हा मिश्रधातू त्याने स्वतः वितळवून केलेला. चुंबकात शिरला की तो तापतो, बाहेर काढला की गार होतो. यातूनच एक दिवस गॅसशिवाय चालणारा फ्रीज निघेल, हे तो जेवतानाही सांगत बसायचा आणि ताटातली भाजी गार व्हायची. त्याच्या शोधनिबंधात एवढ्याच नमुन्याचं मोजमाप राहिलं होतं. आम्ही एकाच प्रयोगशाळेतले; ते मी करणार होते.

आधी सासूबाईंना दाखवावी म्हणून गोटी नालवाडीला घरी आणली. सकाळी पाहते तर ती देव्हाऱ्यात, चिंचेने लख्ख घासलेली, वर हळदकुंकू. माझं डोकंच फिरलं.

"आई, काऊन हात लावला? आंबटाने धातू झिजतो!"

"काळं पडलतं, म्हून घासलं. देवाची भांडी नाई घासत का मी?"

"मला ही फोडायची आहे. मोजायच्या यंत्रात कणभर तुकडाच मावतो."

"फोडाले?" सासूबाई देव्हाऱ्यापुढे आडव्या उभ्या राहिल्या. "इथं बसवलेलं फोडते का कोणी? खंडित झालं त नदीतच सोडा लागते. माह्या पोराचं दुसरं काय उरलं मले?"

आणि मला काय उरलं होतं? तोंडाशी आलेलं मी गिळलं नाही. "मग त्याचं काम राहू द्या अर्धवट. वाजवा घंटी!"

दुपारी मीच म्हणाले, "चला कॉलेजात, आधी बघा तरी ती काय करते."

कॉलेजात गोटी पुसली. वरचा थर चिंचेने खाल्ला होता, आतला धातू शाबूत होता. मोठ्या विद्युतचुंबकाच्या दोन टोकांमध्ये ती बसवली, आईंचं बोट तिच्यावर टेकवलं आणि वीज वाढवली.

आई दचकल्या. "गरम झाली व!"

वीज कमी केली. गोटी निवली. पुन्हा वाढवली. त्यांनी बोट काढलंच नाही.

"हेच शोधून राह्यला होता तो?"

"हो. किती तापते, तेवढं मोजायचं राहिलंय."

त्यांनी पदर तोंडाला लावला. मीही रडले, लपवलं नाही. डोळे पुसून त्या म्हणाल्या, "फोड."

कागदात गुंडाळून हातोडी मारली. कणभर तुकडा मोजायला ठेवला, उरलेली गोटी पुडीत बांधून त्यांच्या हातात दिली. रिक्षात त्यांनी मूठ उघडली नाही.

घरी आल्यावर मी विचारलं, "आई, नदीवर कधी जायचं?"

त्यांनी तुटकी गोटी देव्हाऱ्यात जागच्या जागी ठेवली, कुंकू लावलं.

"नाई जायचं," त्या म्हणाल्या. "लेकरू मोडलं म्हून माय त्याले नदीत सोडते का?"