दाबून धरलेलं हसू

गल्लीत त्याला सगळे गमत्या म्हणत. पुढच्या खोलीत त्याचं सलून, मागच्या तीन खोल्यांत संसार, आणि मधे लाकडी फळ्यांची भिंत. सलूनमध्ये काय चाललंय ते स्वयंपाकघरात शब्दन् शब्द ऐकू येई. कात्रीची टकटक चालू असायची आणि तिच्या तालावर गमत्याचं तोंड. गिऱ्हाईक खुर्चीत झोपलं की म्हणायचा, "डोळे मिटून विश्वास ठेवणारी माणसं एवढीच राहिली. आमच्या घरात तर उघड्या डोळ्यांनीही कुणी ठेवत नाही." भिंतीपलीकडून त्याची बायको हसे. तिचं हसणं मोठं, खळखळून, आणि एकदा सुरू झालं की थांबायचं नाव नाही. ते ऐकू आलं की गमत्या गिऱ्हाइकाला सांगायचा, "पावती मिळाली." घरात काही नवीन सुचलं तर आधी तिच्यावर आजमावायचा आणि ती हसली तरच दुकानात काढायचा.

ती एका मोठ्या लॉन्ड्रीत कामाला होती. हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, टेबलावरची कापडं. मशीनमधून ओल्या चादरींचा पिळा काढायचा, टोपलीत भरायचा, टोपली उचलून वाळवणीच्या मशीनपाशी न्यायची. ओली चादर किती जड असते हे उचलल्याशिवाय कळत नाही.

मुलगी झाली तेव्हा बाळंतपण लांबलं होतं आणि बाळही चांगलं दणदणीत होतं. त्यानंतर शिंकताना, खोकताना थेंबभर लघवी निसटायला लागली. 'बाळंतपणानंतर व्हायचंच,' असं सासूनं एकदा सहज म्हटलं होतं, म्हणून तिनंही ते सोडून दिलं. मुलगी मोठी झाली, कॉलेजात गेली. इकडे आईची पाळी जायला लागली, तसे थेंबांचे ओघळ झाले. टोपली उचलली की कपडे ओले. लॉन्ड्रीत एक बरं होतं, तिथं सगळ्यांचेच कपडे ओले असत. कुणी विचारायचं नाही.

पण धाकट्या दिराच्या घरी ते झाकता येईना. जेवणं झाल्यावर सगळे बैठकीच्या खोलीत बसले होते. गमत्या रंगात आला होता. त्याचं एक गिऱ्हाईक होतं, शाळेचे हेडमास्तर, डोक्यावर मोजके केस. "त्यांच्याकडे मनुष्यबळ कमी," गमत्या सांगत होता. "डावीकडच्यांची उजवीकडे बदली करावी लागते. मी तेल लावून हजर करून देतो. पण वारा आला की सगळे रजा टाकून मूळ गावी!" आणि त्यानं वाऱ्यात केस धरून पळणाऱ्या हेडमास्तरांची नक्कल केली. ती हसली. पोट धरून हसली. आणि हसता हसताच तिला कळलं की हे नेहमीचे थेंब नाहीत. जावेच्या नव्या सोफ्यावर, सगळ्यांच्या मधोमध, थांबवता येत नव्हतं.

समोर पाण्याचा तांब्या होता. तिनं तो उचलला आणि धक्का लागल्यासारखं करून सगळा मांडीवर ओतला.

"अगं बाई!" जाऊ धावली.

"हिच्या हातांना आता भोकं पडली," गमत्या म्हणाला आणि सगळे पुन्हा हसले.

घरी परत येताना ती वाटेत एक शब्द बोलली नाही. त्याला वाटलं, चारचौघांत थट्टा केली म्हणून चिडली. "अगं, गंमत केली," तो दोनदा म्हणाला. ती म्हणाली, "माहितीये."

त्या दिवसापासून तिनं हसणं बंद केलं. ठरवून. तो विनोद सुरू करणार हे त्याच्या भुवयांवरूनच तिला कळे. मग ती आधीच तोंड आवळून घेई, डोळे दुसरीकडे वळवी, नाहीतर उठून भांड्यांत हात घाली. फारच झालं तर म्हणे, "तुमचं आपलं काहीतरीच. वयाला शोभत नाही हे." पाणी पिणं तिनं घोटाघोटावर आणलं. कपड्यांचा रंग गडद, आत घड्या घातलेलं फडकं. वास येईल या धास्तीनं पाठदुखीचं निमित्त करून अंथरूण मुलीच्या खोलीत हलवलं. कुणाकडे जाणं टाळलं. प्रवास तर नकोच.

गमत्यानं आधी जास्त खटपट केली. नवेनवे किस्से, नकला, एकदा तर तिच्याच स्कार्फचा पदर करून नाचला. तिनं खोलीचं दार लावून घेतलं आणि उशी तोंडावर दाबली. त्याला दिसलं ते फक्त लावलेलं दार.

एकदा दुकान बंद करून तो आत आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "माझा राग येतो का तुला?"

"कशाचा राग? रागवायला वेळ कुठंय मला."

"मग माझे विनोद शिळे झाले असतील."

तेव्हा सांगायला हवं होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण नवऱ्याला काय सांगायचं, की तुम्ही हसवता आणि मला लघवी होते? त्यावरही त्याला विनोद सुचला असता तर? ती म्हणाली, "जेवायला वाढू का?"

त्यानंतर तो घरात गप्प राहू लागला. सगळं बोलणं भिंतीपलीकडे. तिकडे माणसं खिदळत आणि इकडे ती नळ मोठा सोडून द्यायची, म्हणजे ऐकू येणार नाही.

त्या सकाळीही तिनं तसंच केलं. पलीकडे गमत्या काहीतरी सांगत होता आणि मधेच शब्द वेडेवाकडे यायला लागले. बाकावरच्या गिऱ्हाइकांना वाटलं, ही नवीन नक्कल. ते हसत सुटले. तो जितकं बोलायला बघे तितके ते जास्त हसत. तिच्या कानावर हसण्याचा गलका आला आणि तिनं नळ सोडला. खुर्ची पडल्याचा आवाज झाला तेव्हा कुठं ती धावली. अर्ध्या चेहऱ्याला साबण लावलेला एक माणूस गमत्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता.

उजवी बाजू गेली. वाचा गेली. राहिला तो एकच शब्द. वर्षानुवर्षं गिऱ्हाईक दारात आलं की म्हणायचा तो, "बसा." भूक लागली तरी बसा, दुखलं तरी बसा, परगावी गेलेली मुलगी भेटायला आली तरी बसा. बायकोला त्यानं जन्मात अहो-जाहो केलं नव्हतं. आता तो तिच्याकडे बघून म्हणायचा, "बसा, बसा," आणि तिला वाटायचं आपण या घरात पाहुण्या झालो.

त्याच्या व्यायामासाठी इस्पितळात न्यावं लागे. तिथली फिजिओथेरपिस्ट मधल्या वयाची, बोलायला मोकळी बाई होती. त्याला पलंगावरून खुर्चीत कसं घ्यायचं ते ती शिकवत होती. "गुडघ्यात वाका, कमरेचा पट्टा धरा, आणि दोघं एकदम उठा." बायको उठली. तो उठला. आणि तिच्या पायांवरून लघवी वाहत चपलेत गेली.

बाईनं लगेच खाली टॉवेल टाकला, त्याला नीट खुर्चीत बसवलं, मग पडदा ओढून तिला बाजूला घेतलं.

"कधीपासून होतंय?"

"वय झालं की होतंच ना."

"पुष्कळजणींना होतं. म्हणून होऊ द्यायचं असं कुठंय?"

"मला ऑपरेशन नाही जमणार हो. यांच्याकडे कोण बघणार?"

"ऑपरेशनचं नाव कुणी काढलंय? आधी बाकीचं करून तर बघू. इतक्या वर्षांत कुणाला दाखवलंत?"

तिनं नाही म्हणून मान हलवली.

बाईनं आधी लघवी तपासायला पाठवली, त्यात जंतू नव्हते. मग पडद्याआड झोपवून आतून तपासलं. "वारा आणि लघवी दोन्ही एकदम रोखायचीत असं समजा. आवळा आणि वर ओढा. पोट नाही. श्वास रोखू नका. अहो, तुम्ही तर खाली ढकलताय!" तिला त्या स्नायूंचा पत्ताच नव्हता. दोन-तीन खेपांनंतर एकदाचे ते सापडले. मग रोजचा नेम लागला. आवळून धरायचं, पूर्ण सोडायचं, पुन्हा. शिंक यायच्या आधी, काही उचलायच्या आधी आवळून घ्यायचं आणि मग उचलायचं. पाणी तोडायचं नाही, कारण घट्ट लघवीनं मूत्राशय जास्त चाळवतं. चहा कमी. उगाच दर अर्ध्या तासाला संडासात पळायचं नाही, हळूहळू वेळ वाढवायची. बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही. लॉन्ड्रीतल्या ओझ्यासाठी इस्पितळातल्याच डॉक्टरीणबाईंनी मऊ सिलिकॉनची एक कडी मापानं बसवून दिली, आतून आधार देणारी. सकाळी घालायची, संध्याकाळी काढून धुवायची.

"आठवड्यात फरक दिसणार नाही," बाईनं बजावलं. "तीनेक महिने मुकाट करा, मग माझ्याशी भांडा."

भांडायची वेळ आली नाही. एका दुपारी लॉन्ड्रीत तिला सटासट शिंका आल्या. थांबल्यावर तिनं सवयीनं अंदाज घेतला. काही नाही. ती चादरीचं टोक हातात धरून तशीच उभी राहिली. बाजूची म्हणाली, "काय झालं गं?" तिला रडू फुटलं होतं. एवढंच होतं? एवढ्यासाठी?

त्या दिवशी घरी येऊन ती त्याच्या खुर्चीसमोर स्टूल घेऊन बसली. सगळं सांगितलं. सोफा, तांब्या, फडकी, पाठदुखीचं खोटं, उशी. "तुमचे विनोद शिळे नव्हते हो. मी उशीत हसायचे." तो बघत होता. मग तिनं हेडमास्तरांचा किस्सा सांगायला घेतला. तिला कुठं येत होता सांगायला! रजा आधी टाकली आणि बदली नंतर केली. त्या घोटाळ्याचंच तिला हसू आलं. आधी दबकत, मग मोठ्यानं, खळखळून, कशाचीही धास्ती न बाळगता. किती वर्षांनी!

गमत्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. डावा हात उचलून त्यानं तिची हनुवटी धरली आणि चेहरा उजेडाकडे वळवला, गिऱ्हाइकाचा वळवायचा तसा. "बसा," तो म्हणाला.

त्याला कळलं असं तिला वाटलं. पण डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, या आजारात रडू-हसू आपोआप येतं, त्याचा अर्थ लावत बसू नका. आणि हनुवटी धरणं म्हणजे हाताची सवय. पुढे रोज ती त्याला काही ना काही सांगे, हसे, त्याच्या चेहऱ्यात शोधत राही. कधी सापडल्यासारखं वाटे, कधी नाही. थंडी संपता संपता त्याला दुसरा झटका आला आणि तो गेला.

दुकान आवरायला मुलगी आली. दोघी मिळून आरसे पुसून उतरवत होत्या. मुलगी एकदम म्हणाली, "आई, किती कोरडी वागलीस गं तू बाबांशी. मी लहान नव्हते. सगळं दिसत होतं मला."

कोरडी. त्या शब्दावर तिला हसावं की रडावं कळेना. तिनं हातातलं फडकं ठेवलं आणि दुसऱ्यांदा सगळं सांगितलं, या वेळी थोडक्यात.

"मला तरी सांगायचंस," मुलगी म्हणाली. "केव्हापासून होतं हे?"

"तू..." आई बोलता बोलता थांबली. "असंच. पुष्कळ आधीपासून."

मुलगी समजायचं ते समजली. तिनं आईचा हात धरला आणि दोघी बाकावर टेकल्या. थोड्या वेळानं मुलगी म्हणाली, "बाबांना कळलं असेल. नक्की कळलं असेल."

"असेल," आई म्हणाली. तिचं लक्ष दाराकडे गेलं. काचेला नाक लावून एक म्हातारबाबा, गमत्याचं जुनं गिऱ्हाईक, आत डोकावत होते. गमत्या गेल्याचं त्यांना कुणी कळवलेलं दिसत नव्हतं. ती उठली, त्यांना सांगायला बाहेर गेली.