लग्नमांडवातलं शीड

लामू बेटाच्या गलबतावर दोन शिडं लागतात. आमचं शीड आखडता येत नाही. वारा चढला की मोठं उतरवायचं, लहान चढवायचं, दुसरा इलाज नाही. त्या दिवशी आमचं लहान शीड लामूत, गलबताचा मालक मबरूक याच्या अंगणात होतं. लेकीच्या लग्नाचा मांडव म्हणून. खांद्यावर टाकून मीच नेऊन दिलं होतं. नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.

किपिनीहून पहाटे निघालो ते म्वानाशासाठी. दोन दिवस कळा देत होती, पोर आडवं, सुईणीनं हात टेकले. रस्ता नदीनं गिळलेला. हॉस्पिटल लामूला.

"दिवस मावळायच्या आत पोचवतो," नाखवा फमाऊ तिच्या नवऱ्याला, कसीमला म्हणाला.

दुपारी कुसीचा, दक्षिणेकडला वारा पिसाळला. लाटा मागून चढायला लागल्या. सुकाणूला तिघं लटकले, मी डब्यानं पाणी उपसत होतो.

"लहान शीड काढा!" कसीम ओरडला. तोही दर्यावरचाच.

मी मान खाली घालून पाणी उपसत राहिलो.

"बहिरे झालात का रे?"

"मांडवाला लावलंय," मी म्हणालो. "मालकाच्या लेकीच्या."

तो हसला. तसं हसणं पुन्हा कानावर पडू नये. "का? पुलावावर ऊन पडतं म्हणून?"

"मोठं ठेवलं तर शिडाचा वासा मोडेल," फमाऊ म्हणाला. "उतरवलं तर उद्या सकाळपर्यंत हेलकावत बसू."

"माझ्या डोक्यावर भांडू नका," म्वानाशा खालून म्हणाली. चटईवर, पाण्यात पडून. "ठेवा ते शीड. उद्याची सकाळ नाहीये माझ्याकडे."

ठेवलं. तासभर गलबत असं पळालं की फमाऊसुद्धा हसला. मग वासा मधोमध मोडला आणि शीड दर्यात गेलं. ते गलबताला ओढून बुडवतंय म्हणून आम्हीच कोयत्यानं तोडलं. शिडाचा उरलेला तुकडा बांधून रांगत निघालो.

लामूच्या तोंडाशी शेलाच्या वाळूच्या टेकड्या दिसल्या तेव्हा तिनं पाणी मागितलं. कसीमनं पाजलं. घोट ओठांवरून तसाच परत आला. पोर आतच राहिलं.

दिवस मावळताना धक्क्याला लागलो. मबरूकच्या घरून ढोल ऐकू येत होते. मी तसाच ओला आत गेलो आणि मांडवाची पहिली गाठ सोडली.

"अरे, काय करतोस? पाहुणे जेवतायत!" मबरूक धावत आला.

"शीड न्यायला आलोय."

"उद्या ने ना, बाबा! पळून चाललंय का?"

"कालच न्यायला हवं होतं, मालक."

चौथी गाठ सुटली तसं शीड ताटांवर कोसळलं. बायका किंचाळल्या, ढोल थांबले. मी ते ओढत धक्क्यावर नेलं. म्वानाशाला त्यातच गुंडाळून आम्ही चौघांनी उचललं.

शिडाला पुलावाचा वास येत होता.