कोरा होऊन येणारा फॉर्म

आई गेल्याला नऊ दिवस झाले, तेव्हा कुठे कोसाकु शिगेनो तिचं सामान आणायला वृद्धाश्रमात गेला. पाय उचलत नव्हता. नोव्हेंबरात त्यानेच तिला तिथे ठेवलं होतं आणि दारातच ती म्हणाली होती, "जा आता. तोंड दाखवू नकोस." एवढ्यावर हा पठ्ठ्या अडून बसला. आधी तिचं पत्र येऊ दे, मग जाईन. पत्र आलंच नाही. आई रागातच गेली, असं त्याने मनाशी धरून टाकलं होतं आणि ते त्याला आतून खात होतं.

तिथल्या इगाराशीबाईंनी पिशवी हातात दिली.

"आजी संगणकावर बसून तुम्हाला लिहायच्या हो. मिळायची ना पत्रं?"

"कुठली पत्रं?"

"अहो, घरच्यांना निरोप पाठवायचा फॉर्म आहे ना आमच्या साइटवर! तुम्हीच केलाय ना? ज्याला त्याला सांगायच्या, माझ्या लेकाने केलाय म्हणून. मदतीला गेलं की हाकलून द्यायच्या मला."

केला होता खरा, तीन वर्षांपूर्वी, पीएचपी या संगणकीय भाषेत, साधासा, एका दुपारी. फोन नंबरच्या चौकटीत आकड्यांखेरीज काही दिसलं, की लाल अक्षरांत 'चूक आहे, पुन्हा भरा' आणि खाली कोरा फॉर्म. काय चुकलं तेही सांगायचं नाही. माणसाने लिहिलेलं चौकटींत परत ठेवायला दोन ओळी पुरल्या असत्या. पण गिऱ्हाईकाला जे दिसत नाही ते करायचा याला भारी आळस. आणि आईच्या वयाचं कोण मधे आडव्या रेघा न देता नंबर लिहितं?

चाचणीसाठी त्याने त्या कोडमध्ये एक ओळ घातली होती. फॉर्ममध्ये जे येईल ते सगळं ती एका फाइलीत उतरवायची. ती काढायची राहून गेली होती. घरी येऊन कोटही न काढता त्याने फाइल उघडली.

पहिलं पत्र लांबलचक होतं. "साल्मन वाळत टांगलास का? मीठ कमी घालतोस तू. इथलं मिसो सूप म्हणजे नुसतं गरम पाणी. दारात बोलले ते मनावर घेऊ नकोस रे, गाडी वळायच्या आत राग गेला होता माझा. ये." खाली नंबर, रेघांसकट.

दुसरं त्याच दिवशीचं, निम्मं. साल्मन गेला होता, सूपही गेलं होतं. तिसऱ्यात उरलं होतं, "राग नाही. ये."

"आई गं, कुणाला तरी विचारायचंस ना!" कोसाकु मोठ्याने म्हणाला आणि तसाच रडू लागला.

चौथं आठवड्यानंतरचं होतं. त्यानंतर काही नव्हतं.

"कोसाकु, मला मेलीला हे जमत नाही. तुझ्या फॉर्मची काही चूक नाही."

फॉर्मने तेही परत केलं होतं.