फळ्यावरच्या चौघी

सकाळी आठाच्या ठोक्याला मेट्रनबाईंनी बाळंतिणींच्या वॉर्डातला फळा स्वतःच्या हातानं पुसला, आणि तिथेच माशी शिंकली. त्या फळ्यावर गेली तीन वर्षं एकच नाव असायचं. बाईंनी आता वळणदार अक्षरात चार लिहिली, एकाखाली एक, आणि दोन पावलं मागे येऊन ओळी सरळ आल्यात का ते पाहिलं. वर मथळा होता, 'आज कामावर असलेल्या सिस्टर'.

त्यातलं जे एक नाव खरोखर या वॉर्डाचं होतं, ती सिस्टर हातात ट्रे घेऊन मागेच उभी होती. तिला सगळा वॉर्ड 'दहा मिनिटं' म्हणायचा. पाणी हवंय? दहा मिनिटांत आले. सलाईन संपलं? दहा मिनिटांत आले. एकटीनं तीस खाटा सांभाळायच्या तर माणूस दुसरं म्हणणार तरी काय? पण ती यायची. कधी नवव्या मिनिटाला, कधी अकराव्या, पण यायची. म्हणून चिडवणाऱ्या बायकाही तिच्यावर जीव टाकायच्या.

"चार?" ती म्हणाली. "बाई, बाकीच्या तिघी काय जमिनीतून उगवणार?"

"आज तपासणी आहे. दर वॉर्डाला मंजूर पदं चार, तर दिसायला चार हव्यात. नाहीतर वॉर्डाला कुलूप लागेल. मग या बायकांनी बाळंत व्हायला कुठे जायचं, तुझ्या घरी?"

मेट्रन मुळात वाईट नव्हती, हे सांगितलंच पाहिजे. सिस्टर द्या, सिस्टर द्या म्हणून तिनं तीन वर्षांत सतरा अर्ज केले होते, आणि सतरा वेळा एकच उत्तर आलं होतं, 'विचाराधीन'. शेवटी तिनं स्वतःच डोकं चालवलं. तीन मजल्यांवर तीन वॉर्ड, आणि सकाळच्या पाळीला मजल्यामागे एक याप्रमाणे सगळ्या मिळून तीन सिस्टर. त्यात फरशी पुसणाऱ्या मावशीला टोपी आणि मास्क चढवला की झाल्या चार. तपासणीचे साहेब हा तळमजला बघून लिफ्टनं वर जाणार. ती लिफ्ट म्हणजे नुसती रडत चालायची. तेवढ्यात या चौघींनी मागच्या जिन्यानं धावत पहिला मजला गाठायचा, तिथे रांगेत उभं राहायचं, मग तसाच दुसरा. प्रत्येक मजल्यावर फळा वेगळा, छातीवरची नावपट्टी वेगळी. सोडून गेलेल्या सिस्टरांच्या पट्ट्या मेट्रनच्या खणात डझनभर पडल्या होत्या.

"तोंडाला मास्क आहेत," मेट्रन म्हणाली. "चेहरे बघायला वेळ आहे कुणाला?"

मावशीनं टोपी घालून औषधांच्या ट्रेच्या झाकणात आपलं ध्यान पाहिलं. "वीस वर्षं फरशी पुसली, तेव्हा कुठे बढती मिळाली," ती म्हणाली, "आणि तीही दुपारच्या जेवणापर्यंतच!" सगळ्या हसल्या. दहा मिनिटंही हसली. हे हसू तिला पुढे फार दिवस आठवत राहिलं.

साहेब नऊला येणार होते, ते आले पावणेअकराला. मोठ्या माणसांचं घड्याळ मोठंच. पण मधल्या वेळात कळा काही कुणाच्या तपासणीसाठी थांबत नाहीत. दहा वाजून वीस मिनिटांनी एक मुलगी बाळंत होऊन बारा नंबरच्या खाटेवर आली. पहिली खेप, दीड दिवसाच्या कळा, आणि बाळ चांगलं चार किलोचं.

"आता आई नाही, आजी म्हणायचं तुम्हाला," दहा मिनिटं त्या मुलीच्या आईला म्हणाली. बाई अशा लाजल्या, जणू त्याच बाळंत झाल्या होत्या. बाळंतीण फिकट चेहऱ्यानं हसली आणि म्हणाली, "सिस्टर, हिला आता गावभर सांगत फिरू दे. मला फक्त झोप हवी."

दहा मिनिटंनं तिच्या पोटावर हात ठेवला. गर्भाची पिशवी घट्ट लागत होती. पण इतकी दमलेली पिशवी कधी सैल पडेल याचा नेम नसतो, आणि ती सैल पडली की रक्त थांबत नाही. म्हणून बाळंतपणानंतरचा पहिला तास सिस्टरनं खाटेपासून हलायचं नाही, असा दंडक आहे. तिनं तो कधी मोडला नव्हता. बाकी साऱ्या जगाला दहा मिनिटं, पण नव्या बाळंतिणीला पूर्ण तास. मुलीच्या ओठांचा रंग पाहून तिच्या मनात पाल चुकचुकली. तिनं घड्याळ पाहिलं, आणि नेमकी मेट्रन दारात येऊन म्हणाली, "आले! रांगेत चला."

साहेबांच्या हातात पॅड होतं. त्यांनी फळा वाचला, मग पेनाच्या टोकानं हवेत मोजलं: एक, दोन, तीन, चार. "वा. पूर्ण स्टाफ." त्यांनी खूण केली, सही केली. तीस खाटांपैकी एकीकडेही मान वळवली नाही. मेट्रननं त्यांना भिंतींचा नवा रंग दाखवत लिफ्टकडे नेलं आणि जाता जाता डोळ्यांनीच मागचा जिना दाखवला.

दहा मिनिटं धावत तिच्याजवळ गेली. "बाई, बारा नंबरला अजून तास झाला नाही. मी इथेच थांबते."

"वर तिघीच दिसल्या तर सगळं मुसळ केरात," मेट्रन ओठ न हलवता म्हणाली. "पंधरा मिनिटांचा तर प्रश्न आहे."

पंधरा मिनिटं! सिस्टर खाटेशी परत आली. तिनं आजींचा हात धरून मुलीच्या बेंबीखाली ठेवला. "हा गोळा लागतोय ना, घट्ट? असाच गोल गोल चोळत राहा. हात काढू नका. मऊ लागला किंवा खालचा कपडा भिजला, की जोरात हाक मारा."

"कुणाला मारू हाक?"

"मला. फळ्यावर तिसरं नाव माझं. दहा मिनिटांत आले."

आजींनी डोळे बारीक करून फळा वाचला आणि त्यांचा चेहरा खुलला. "अगं बाई, चौघीजणी आहेत की! मग काळजी कसली? जा तुम्ही निवांत."

तिला तेव्हाच सांगायला हवं होतं की आजी, चौघी नाहीत, आता इथे कुणीच नाही. पण जिन्यावरून मावशीनं हाक दिली आणि ती धावली.

पहिल्या मजल्यावर खेळ ठरल्यासारखा झाला. फक्त साहेबांना तिथली खुर्ची आवडली. ते बसले, त्यांनी कागद जुळवले, कुठल्याशा नोंदवहीची पानं उलटली. दहा मिनिटं झाली. वीस झाली. सिस्टरनं एक पाऊल जिन्याकडे टाकलं, तर मेट्रननं तिचं कोपर असं आवळलं की बोटं उमटली. "आणखी एकच मजला," ती कुजबुजली. साहेब उठले, लिफ्टकडे गेले. चौघी पुन्हा जिन्यावर. वर जाताना पट्ट्या बदलायच्या होत्या. दहा मिनिटंच्या हातात जी आली, ती गेल्या वर्षी वारलेल्या सिस्टरची होती. लागोपाठ दोन पाळ्या करून घरी जाताना ती रस्त्यातच कोसळली होती. दुसरी पट्टी मागायला वेळ नव्हता. तिनं तीच लावली.

दुसऱ्या मजल्यावर साहेबांचं पेन पुन्हा हवेत उठलं. एक, दोन. आणि तेवढ्यात मागच्या जिन्यातून तळमजल्यावरची हाक वर आली.

पहिलं नाव. थोडं थांबून दुसरं. आवाज म्हातारा होता, आणि हाकेत अजून अदब होती. अहो सिस्टर, अशी. फळ्यावरची नावं वाचावीत तशा आजी एकेकीला बोलवत होत्या. मग तिसरं नाव आलं, तिचं स्वतःचं. मग चौथं, मावशीचं, ज्याला उभ्या आयुष्यात कुणी सिस्टर जोडलं नव्हतं.

"कोण ओरडतंय?" साहेबांनी विचारलं.

"नातेवाईक. खाली चौघी आहेत ना," मेट्रन म्हणाली. "बघतील."

"हो, हो. पाहिल्या मी." साहेबांनी मान खाली घालून लिहायला घेतलं.

पुन्हा तिचं नाव आलं. आता अदब गेली होती, नुसता आकांत उरला होता. ती रांगेत उभी होती आणि तिच्या छातीवर मेलेल्या बाईचं नाव होतं. ओ दिली असती तर तीन वॉर्ड, सतरा अर्ज, मेट्रनची इभ्रत, सगळ्यांच्या नोकऱ्या, सारं तिथल्या तिथे उघडं पडलं असतं. पुढे तिनं स्वतःला कितीदा तरी समजावलं की त्या क्षणी आपण हाच विचार केला. खोटं आहे. तिनं कसलाच विचार केला नव्हता. लहानपणापासून ज्या नावाला ती ओ देत आली, ते तिनं परक्याचं असल्यासारखं ऐकलं आणि पाय उचलला नाही. शेजारी मावशीचा मास्क डोळ्यांखाली भिजत होता.

मग हाका थांबल्या. त्या थांबल्या तेव्हा मात्र ती धावली. साहेबांदेखत, मेट्रनच्या हाताला हिसडा देऊन, दोन दोन पायऱ्या उतरत.

बारा नंबरच्या खाटेखाली रक्त पसरत पसरत शेजारणीच्या चपलांपर्यंत पोचलं होतं. शेजारीण आपली ताज्या टाक्यांचं पोट धरून बाळाला सांभाळत होती. आजींचा हात जिथे ठेवला होता तिथेच होता, आणि फिरत होता.

"चोळतेय मी," त्या म्हणाल्या. "तुम्ही दाखवलंत तसंच चोळतेय. पण मघापासून मऊच लागतंय हो."

डॉक्टर आले, इंजेक्शनं झाली, रक्ताच्या बाटल्या आल्या. व्हायचं ते सगळं झालं, फक्त वेळेवर झालं नाही. पाऊण वाजता मुलगी गेली. बाळ शेजारणीच्या कुशीत शांत झोपलं होतं.

आठ दिवसांनी चौकशी बसली. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. टेबलामागे तेच साहेब, तेच पॅड. समोर आजी, मांडीवर नात. चौकशी होईपर्यंत फळ्याला हात लावायचा नाही, अशी मेट्रनची ताकीद होती. कागदाशी फळा जुळायला हवा ना!

"आजी, तुमची तक्रार सांगा."

"तक्रार नाही साहेब. मला फक्त विचारायचंय," आजी म्हणाल्या. "नावं मी नीट वाचली होती. चष्मा होता माझा. चारही नावांनी हाका मारल्या. चौघींपैकी एकीलाही कसं ऐकू गेलं नाही?" मग त्यांनी दहा मिनिटंकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. "दहा मिनिटं म्हणाला होतात तुम्ही."

साहेब सिस्टरकडे वळले. "त्या वेळी वॉर्डात किती सिस्टर होत्या?"

मेट्रन तिच्याकडे पाहत होती. सिस्टर म्हणाली, "एकही नव्हती. आम्ही तुमच्यापुढे उभ्या होतो, दुसऱ्या मजल्यावर. तिन्ही मजल्यांवर आम्हीच होतो, साहेब. आणि मी हाक ऐकली."

 साहेबांनी पॅडची पानं मागे उलटली आणि एका पानावर बोट ठेवलं.

"तसं लिहिता येणार नाही," ते म्हणाले. "इथे चार आहेत. खाली माझी सही आहे."

मग जे लिहिलं गेलं ते असं: तळमजल्यावर चार सिस्टर हजर, चौघींचा निष्काळजीपणा, चौघी निलंबित. त्यात मावशीसुद्धा, सिस्टर म्हणून. बढती अशी टिकली. आणि पदं पूर्ण भरलेली असल्यामुळे सतराही अर्ज निकाली काढण्यात आले. तीन मजल्यांना आता सकाळी एकटी मेट्रन उरली.

दहा मिनिटं आपली पिशवी घ्यायला वॉर्डात आली. बारा नंबरच्या खाटेवर धुतलेली चादर होती आणि तिच्यावर नवी बाळंतीण, तासाभरापूर्वीची असेल. उशाशी तिची आई बसली होती. बाई फळ्याकडे पाहत होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. त्या नावं पाठ करत होत्या.

"सिस्टर," त्यांनी हसून विचारलं, "यातल्या तुम्ही कोणत्या?"

 ती फळ्यापाशी गेली आणि फडकं न शोधता तळहातानंच पुसायला लागली. पहिलं नाव, दुसरं, मग स्वतःचं, मग मावशीचं.

"अहो, अहो, हे काय करताय?" बाई घाबरून उठल्या. "मग आम्ही हाक कुणाला मारायची?"