पडला उतार

मी स्वयंपाकघरातलं सिंक बोलतोय. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरचा हिवाळा सरत आला होता, तेव्हा मी या घरात आलो. जाड, पांढरी चिनीमाती. मला उचलायला दोन माणसं लागतात, आणि दोघंही धापा टाकतात.

उतरवतानाच माझा एक कोपरा उडाला. घरधनी म्हणाला, "परत पाठवा. फुटकी वस्तू घरात कशाला?"

त्याची बायको नवी होती, फारशी बोलत नसे. त्या दिवशी बोलली. "कोपरा गेलाय. पाणी जायचं भोक शाबूत आहे ना? मग राहू दे."

मी राहिलो. ते उपकार मी विसरलो नाही.

मला मागच्या मोरीत बसवलं, एक पायरी खाली, अंधारात. ती बाई जन्मभर माझ्यापुढे उभी राहिली. सासू बोलली की भांडी आपटायची. नवरा गेला तेव्हा नळ मोठा सोडून रडली. मी सगळं खाली सोडलं. वर काही येऊ दिलं नाही.

मग म्हातारपणी त्याच पायरीवर तिचा पाय चुकला. खुबा मोडला. हाड सांधलं, धीर सांधला नाही. डॉक्टर म्हणाले, चाला. ती खुर्चीतून उठेना. सून म्हणायची, "आईंच्या दुखण्याला उतार पडला, भीतीला पडत नाही."

एक दिवस म्हातारी म्हणाली, "सिंक वर आणा, खिडकीखाली. मग उठते की नाही बघा."

मुलगा म्हणाला, "आई, मग स्टीलचंच आणू. हे धूड कशाला?"

"पत्रा नको. धरून उठायला धूडच लागतं."

मला उखडायला आलेला प्लंबर हसला. "आजी, हे तुमच्यासारखंच हट्टी दिसतंय. जागचं हलत नाही."

"दोघं एका घरात राहिलोय. लागण होणारच."

त्याने मला खिडकीखाली बसवलं आणि पाइप ओट्याखालून फिरवत पार मोरीतल्या जुन्या भोकापर्यंत नेला. बादलीभर पाणी ओतलं. पाणी माझ्यातच तुंबलं. इतक्या वर्षांत प्रथमच मला लाज वाटली.

प्लंबरने डोकं खाजवलं. "लांब पडतंय, आणि जुनं भोक भिंतीत वर आहे. पाइपला उतारच मिळत नाही."

"बाहेरचं सांडपाण्याचं चेंबर तर या खिडकीखालीच आहे," म्हातारी खुर्चीतून कडाडली. "पाण्याला काय घर दाखवायला नेतोस?"

प्लंबरने जीभ चावली. खिडकीखालची भिंत फोडली, हातभर पाइप सरळ बाहेर काढला. पुन्हा बादली ओतली. पाणी गटगट आवाज करत गेलं.

"घ्या आजी, पडला उतार. पण सिमेंट वाळेपर्यंत कुणी टेकू नका."

सिमेंट वाळलं. त्या सकाळी चहा झाल्यावर तिने खुर्ची माझ्याजवळ ओढायला लावली. सून हात द्यायला आली.

"लांब राहा गं. पडले तर मग ये."

तिने माझा फुटका कोपरा धरला. तिच्याच हाताने घासून तो गुळगुळीत झालेला. बोटं तिथे बरोबर अडकतात. ती उठली. गुडघा लटपटला, आणि तिचा सगळा भार माझ्यावर आला.

मी हललो नाही.

तिने दुसऱ्या हाताने नळ सोडला, आपला कप विसळला, पालथा घातला.

उपकार फिटले.