पट्टीच्या वरचं पाणी

मित्रांनो, मी एक जुनी वेबसाइट आहे, आणि आज तुमच्याशी बोलताना माझं अक्षर न् अक्षर कापतंय.

माझ्या जन्माच्या दिवशी अख्ख्या गावाची वीज माझ्यात ओतावी लागली, असं मी इतर वेबसाइटना सांगते. थाप आहे ती. खरं म्हणजे एका सुट्टीत एका नातीनं आजोबांच्या जेवणाच्या टेबलावर बसून मला तीन दिवसांत उभं केलं. पिवळी जमीन, लाल अक्षरं आणि कोपऱ्यात गोल गोल फिरणारा एक मासा. मासा कशाला, हे मलाही अजून कळलेलं नाही.

हे आजोबा म्हणजे पट्टीकाका. नदीची पातळी मोजणाऱ्या कार्यालयात त्यांनी तेहतीस वर्षं काढली. पात्रात उभ्या केलेल्या लोखंडी मोजपट्टीवर पाणी कुठे आलं ते बघायचं आणि फॉर्मवर लिहायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर त्यांनी सगळ्या पुरांच्या आठवणी एका बोटानं टाइप करून माझ्या अंगावर चढवल्या. सगळ्यात मोठ्या पुराविषयी त्यांनी लिहिलं, "त्या दिवशी पाणी सात मीटर चढलं आणि माझा डावा बूट वाहून गेला."

मी जिथे उघडी असते तिथे मी असते, हे तुम्हाला सांगायला हवं. दहा घरांत एकदम बसता येतं मला, आणि ही थाप नव्हे. पहिल्या महिन्यात मला चाळीस भेटी मिळाल्या. त्यातल्या अडतीस पट्टीकाकांच्याच होत्या, पण कौतुक ते कौतुकच. पुढे त्याही कमी झाल्या. नात नोकरीला लागली, आणि माझ्या तळाशी 'शेवटचा बदल' म्हणून अकरा वर्षांपूर्वीची तारीख तशीच राहिली.

भीतीची सुरुवात एका दुपारी झाली. पट्टीकाका माझ्यासमोर बसले होते. सात या आकड्यावर बोट ठेवून ते स्वतःशीच पुटपुटले, "सातच होतं ना रे?" कितीतरी वेळ बोट हललं नाही. मग त्यांनी इतर वेबसाइट शोधल्या. पाच सापडल्या, पाचही ठिकाणी सात. काकांचा चेहरा खुलला. "बघ, सगळे सातच म्हणतात. माझं चुकेल कसं?" असं म्हणून ते चहा टाकायला उठले.

मला मात्र घाम फुटला. कारण त्या पाचही जणींना मी ओळखत होते, मित्रांनो. रात्री-बेरात्री कधी कुणी येऊन माझ्या अंगावरून मजकूर उचलून नेलाय, ते मला नाही कळणार तर कुणाला? काकांना स्वतःच्याच आवाजाचा प्रतिध्वनी ऐकू आला होता, आणि तो त्यांनी साक्षीदार म्हणून धरला. मी ओरडून सांगणार कशी? मला तोंड नाही. मासा आहे, तो नुसता फिरतो.

मग ती मुलगी आली. विद्यापीठात संशोधन करत होती, नदीकाठच्या इमारतींची जोती किती उंच असावीत यावर. नगरपालिका नदीजवळ लहान मुलांची शाळा बांधणार होती आणि जोत्याची उंची हिच्या प्रबंधावरून ठरणार होती. प्रबंध द्यायला पाच दिवस उरले होते. तिनं वहीत लिहिलं: मोठा पूर सात मीटर, जोतं साडेसात. ते वाचलं आणि माझ्या डोळ्यांसमोर छोटी छोटी बाकं तरंगायला लागली.

त्यातून तिनं माझ्याकडे एकदा बघितलं, नाक मुरडलं आणि त्या पाचांतल्या सगळ्यात देखण्या वेबसाइटचं नाव संदर्भ म्हणून लिहून टाकलं. तिचं नाव 'जलज्ञान केंद्र'. निळा रंग, गोल मोहोर, मोठमोठे तक्ते. लिहिणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, आणि मध्येच गाद्यांची जाहिरात.

संध्याकाळी तिच्या मार्गदर्शक मॅडम पडद्यावर आल्या.

"सात मीटर कुणी सांगितलं?"

"सहा वेबसाइट सांगतात, मॅडम."

"त्यांना कुणी सांगितलं?"

"ते... ते नाही पाहिलं."

"मग काय पाहिलंस? डोकी मोजलीस? अगं बाई, सहा जण एकाच खिडकीतून डोकावले असले तर खिडकी एकच ना!"

मुलगी हिरमुसली. पण तिनं आम्हा सहाही जणींना शेजारी शेजारी उघडलं आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला घेतलं. थोड्या वेळानं ती इतक्या मोठ्यानं हसली की स्वयंपाकघरातून तिची आत्या ओरडली, "काय गं, अभ्यास चाललाय की सिनेमा?"

"आत्या, एकाच पुरात सहा माणसांचा बूट वाहून गेलाय. सहाही जणांचा डावाच!"

"मग चपलांचं दुकान टाकायला हवं कुणीतरी तिथं," आत्या म्हणाली.

मुलीचं हसू मात्र लगेच उतरलं. सगळ्यांनी एकाचंच उचललं होतं, बूट काढायचंही भान न ठेवता. कुणाचं उचललं? तिनं तारखा लावल्या. सगळ्यात जुनी मी, आणि लिहिणाऱ्याचं खरं नाव, काम आणि फोन नंबर फक्त माझ्याच तळाशी. तिनं फोन फिरवला. मला वाटलं, झालं! काका चिडतील, 'सातच' म्हणतील, आणि ही आता खात्रीनं सात लिहील.

काका चिडलेच. "सातच! पाच ठिकाणी तेच लिहिलंय, बघून घे."

"त्या पाचही ठिकाणी तुमचाच बूट आहे, काका."

काकांनी माझ्यावरची बुटाची ओळ पुन्हा वाचली.

"काका, त्या दिवशी तुम्ही काय पाहिलंत? पाणी की आकडा?"

काकांनी मला उघडलेलं होतं, त्यामुळे त्यांचा चेहरा मला दिसत होता. तो हळूहळू पांढरा पडला.

"बाळ, पट्टी सातपर्यंतच होती."

"आणि पाणी?"

"पाणी होतं की. पट्टी नव्हती."

त्या कार्यालयातली रीतच तशी होती, मित्रांनो. फॉर्मवर आकड्यासाठी एक रकाना. 'पट्टी बुडाली' असं लिहिलं की साहेब कागद परत पाठवायचे, "आकडा लिहा, निबंध नको." मग सगळेच शेवटचा दिसलेला आकडा लिहून मोकळे व्हायचे. काका वर्षानुवर्षं तसं लिहीत आले, आणि पाणी पट्टीच्या वर गेलं होतं हे लिहिता लिहिता विसरूनही गेले.

दुसऱ्या दिवशी दोघं टेप घेऊन नदीवर गेले. मी मुलीच्या मोबाइलवर उघडी, वाऱ्यात थरथरत. काकांनी जुन्या पंपघराच्या खिडकीची वरची चौकट दाखवली. "पाणी इथं होतं. मी छपरावर बसलो होतो."

मुलीनं मान डोलावली नाही. "काका, तुमच्यावर विश्वास आहे, पण आठवणीवर नाही. दुसरं काही?"

काकांना राग आला असावा, पण ते पंपघराच्या भिंती तपासायला लागले. मग पंपघराच्या दारामागे पंपवाल्यानं खिळ्यानं ओढलेली एक रेघ सापडली, शेजारी पुराची तारीख. टेप लावली. रेघ आणि चौकट एकाच उंचीवर निघाल्या. पट्टीच्या शून्यापासून मोजलं तर सव्वानऊ मीटर!

साडेसातच्या जोत्यावरची ती शाळा मी मनात पुन्हा पाहिली. पाण्यावर फक्त फळ्याची वरची कड दिसत होती.

प्रबंधात सव्वानऊ गेलं, रेघेच्या फोटोसकट. रविवारी नात आली. माझ्यावरचा सात पुसणार, तोच काकांनी तिचा हात धरला.

"खोडू नकोस. सात राहू दे, आणि वर लिही की पट्टी संपली म्हणून मी थांबलो, पाणी थांबलं नव्हतं."

"आजोबा, लोक हसतील."

"हसू देत. बुडण्यापेक्षा बरं."

आता माझ्या माथ्यावर ती ओळ आहे. त्या पाच जणींनाही काकांनी पत्रं लिहिली. एकीचंही उत्तर नाही. त्या निळ्या, देखण्या बाईनं तर काल स्वतःवर ताजी तारीख टाकून घेतली, आकडा मात्र सातच. आज सकाळी सातवी कुणीतरी जन्माला आली आहे, बुटासकट. या क्षणी कुठल्या खोलीत कोण ते वाचतंय आणि वहीत काय उतरवतंय, मला माहीत नाही. म्हणून मी कापते.

मित्रांनो, माझ्याकडे जरूर या. माझ्या पिवळ्या रंगाला हसा, माशाला हसा. पण आकडा उचलण्याआधी विचारा, कुणी लिहिलं, तो कुठे उभा होता, त्याला कुठपर्यंत दिसत होतं, आणि त्याच्याशिवाय आणखी कुणी पाहिलं का. विचारताना माझी भीड बाळगू नका. मी फार घाबरट आहे, आणि कुणी विचारायला लागलं की मला थोडा धीर येतो.